कंपनीचा जावई

आबा कुठल्याही वस्तूला आधी उलट्या हाताने शिवायचे. चहाचा पेला असो, उन्हात उभ्या केलेल्या मोटरसायकलची सीट असो, नाहीतर दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी असो, आधी हाताची मागची बाजू हळूच टेकवायची आणि मगच सरळ हाताने धरायचं. जन्मभर भट्टीवर काम केलेल्या माणसाची ती खोड. तापलेलं लोखंड काळं पडलं की गार झाल्यासारखं दिसतं, आणि एकदा तळवा भाजला की माणूस कामातून जातो. माणसांच्या बाबतीतही त्यांचं तेच होतं. कुणी तावातावाने भांडायला आला की त्याच्या दंडाला उलटा हात लावायचे आणि म्हणायचे, "अजून गरम हाय गडी. बस जरा. च्या घेतला का?" त्यावर तो माणूस हमखास आणखी भडकायचा.

मी त्याच फाउंड्रीत, कोअर शॉपला. ओतकामात जिथे पोकळी हवी असते तिथे बसवायचे वाळूचे गाभे आम्ही बायका तयार करतो. लग्न होऊन लातूरकडून इकडे आले, नवऱ्याच्या पगारात भागेना म्हणून चिकटले, ती अजून आहे. युनियनच्या कमिटीवर मी एकटी बाई, आणि आबा आमचे अध्यक्ष. आमचा मोठा संप झाला तेव्हा गादीवर तेच होते. त्या दिवसांत लोकांनी त्यांना काय काय म्हटलं हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, आणि ते लिहून ठेवायची वेळ आता आली आहे. कारण चौकात फ्लेक्स लागला आहे.

तो फ्लेक्स एकदा बघाच. आबांना फेटा बांधलाय. हयातीत त्यांनी स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा फेटा मागे सारून टोपी मागितली होती. भट्टीपुढे भाजून भाजून तांबूस-काळा झालेला चेहरा कुणीतरी कॉम्प्युटरवर धुऊन गोरा केलाय. खाली 'लढवय्या सेनापती, कामगारांचे दैवत' असं लिहिलंय, आणि दैवताच्या पायाशी गॉगल घातलेल्या भक्तांचे फोटो. त्या भक्तांपैकी निम्म्यांनी त्या वेळी आबांच्या तोंडावर त्यांना फितूर म्हटलं होतं. उरलेल्या निम्म्यांनी पाठीमागे म्हटलं होतं, एवढाच फरक. कंपनीची बस चौकात आली की मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. नाहीतर सकाळी सकाळी तोंडातून वाईट शब्द जातो.

आबा चाकणच्या शेजारच्याच एका गावचे. जमीन रस्त्यात आणि कंपन्यांत गेली, तसे तेही कंपनीत गेले. अध्यक्ष म्हणून ते निवडून आले ते शांततेच्या काळात. कँटीनची भाजी, बुटांचे जोड, कुणाची रजा मंजूर करून आणायची, अशी ती कामं. त्यात त्यांच्या स्वभावाचं कौतुक व्हायचं. "आबांकडे गेलं की काम होतं," असं लोक म्हणायचे. मग पगारवाढीचा करार संपला, मालक नवा करार करेना, कंत्राटावरच्या पोरांना कायम करायचं नाव काढेना, आणि संप झाला. संप झाला आणि लोकांना एकाएकी गर्जना करणारा माणूस हवासा वाटू लागला.

आबांना गर्जना यायची नाही. भाषणच यायचं नाही. माईक हातात दिला की त्यालाही आधी उलटा हात लावायचे. गेटसमोर मांडव घातला होता. त्यात सगळी फाउंड्री उन्हाने कावलेली बसलेली, आता अध्यक्ष काय पेटवतात म्हणून कान टवकारलेले, आणि आबा म्हणायचे, "मंडळी, आज बी काय झालं न्हाई. बोलनी चालू हायेत. डबा आनला नसंल त्यानं माझ्यातलं खावा." झालं भाषण! माझ्यासुद्धा कपाळावर आठ्या पडायच्या.

त्यांच्यानंतर दिलीप उठायचा. हा फेटलिंगला होता. ओतून आलेल्या मालाच्या कडा घासून काढायचं खातं ते, दिवसभर ग्राइंडरच्या आवाजात राहून ओरडायची सवय लागलेली. "भावांनो, मालकाला गुडघ्यावर आणल्याशिवाय हा दिलीप घरी जाणार नाही!" मांडव शिट्ट्यांनी दणाणायचा. दिलीप रोज संध्याकाळी घरी जायचा, पण ते कुणी मोजत नव्हतं.

आता भट्टीचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आमच्याकडे वितळलेल्या लोखंडाचा रस साठवून ठेवायची एक मोठी भट्टी आहे. विजेवर चालते. ती एकदा सुरू केली की वर्षानुवर्षे बंद करायची नसते. सुट्टी असो, दिवाळी असो, आतला रस पातळ ठेवावा लागतो. माणसं गेली, लक्ष राहिलं नाही आणि रस आत गोठला, की भट्टी संपली. मग ती फोडून नवी बांधायची, आणि तोवर कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड. हे आमच्या इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे. म्हणूनच संप सुरू झाल्या झाल्या दिलीपने मांडवात सांगितलं, "भट्टी गोठू द्या. मालक रडत येतो की नाही बघा!" शिट्ट्या पडल्या. सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. त्याच्या नरडीची नस आपल्या हातात आहे, तर दाबायची का नाही?

आबा उठले आणि म्हणाले, "भट्टी जित्ती ऱ्हाईल. मी आन् भट्टीवरचं चौघं आळीपाळीनं आत जाऊ. माल एक किलो निघनार न्हाई. पन भट्टी जित्ती ऱ्हाईल." का, ते सांगितलं नाही. त्या दिवसापासून ते रोज दुपारी मांडवातून उठायचे, टोपीने तोंड पुसायचे, आणि सगळ्यांच्या देखत गेटातून आत जायचे.

संपात ज्याच्यासाठी गेट उघडतं तो माणूस कोण असतो, हे सांगायला लागत नाही. पहिल्या आठवड्यात लोक गप्प बसले. दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी म्हणालं, "निघाले बघा जावईबापू." तेच नाव पडलं. कंपनीचा जावई. मग आबा उठले की मांडवातली पोरं सनईचा आवाज काढायची. शेडच्या वर भट्टीची गरम हवा थरथरताना दिसायची, तर गावभर झालं की आत उत्पादन चालू आहे, अध्यक्षाने पाकीट घेतलंय. आत बिस्किटाएवढाही माल निघत नव्हता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय वीजबिल येतं?

बाहेरून जे दिसत नव्हतं तेही सांगते. गेटाच्या आत सिक्युरिटीवाले आबांना बूट काढायला लावायचे, टोपी झाडायला लावायचे, तासन्‌तास बाकड्यावर बसवून ठेवायचे. मॅनेजर काचेतून बघायचा. जावयाचं असं स्वागत मी तरी कुठल्या सासरी बघितलं नाही. आबांनी ते मांडवात एका शब्दाने सांगितलं नाही. मला भट्टीवरच्या एकाने सांगितलं, आणि त्याबद्दलही आबांनी त्याला दटावलं.

घरावरही आलं ते. गावची जत्रा होती. जत्रेची वर्गणी आबा दरवर्षी सगळ्यांच्या आधी द्यायचे. त्या वर्षी जत्रा कमिटीची पोरं ती परत घेऊन आली. "मालकाचा पैसा देवाला चालत न्हाई," म्हणाली. ज्या देवाची पालखी आबांच्या बापाने खांद्यावर वाहिली, त्या देवाला काय चालतं हे कालची पोरं ठरवणार! आबांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आबा जेवले, पालखी दारावरून गेली तेव्हा उंबऱ्यात उभे राहिले आणि आतूनच हात जोडले.

मला हे सहन होईना. रागही आबांचाच आला. एक दिवस ते भट्टीवरून बाहेर येत होते तेव्हा मी त्यांना टपरीच्या मागे गाठलं. म्हटलं, "आबा, लोक मला तुमच्या नावाने टोमणे मारतात. तुम्ही आत का जाता ते आज सांगा, नाहीतर मी कमिटी सोडते."

त्यांनी माझ्या कपाळाला उलटा हात लावला. मी तो झिडकारला. तेव्हा मात्र ते खाली बसले.

"शालन," म्हणाले, "मॅनेजर परवा मला काय म्हनला ठाव हाय? म्हनला, आबा, तुमी दमत आसाल, उद्यापासून न्हाई आलात तरी चालंल. आता मला सांग, ज्याची म्हस हाय त्योच म्हनतोय, तिला वैरन टाकू नगा. म्हंजी काय?"

मला कळलं नाही.

"म्हस मेल्याली पायजे हाय त्याला. आन् मेली तवा दावं आपल्या हातात पायजे." मग त्यांनी शेडच्या मागच्या बाजूला मान केली. "भट्टीच्या माचावरून मागची भित दिसती. चार दिस झालं, तिथं मोजनी चाललीया. तिपाई लावून, खांब रवून. आपल्या दोनी अंगाला काय झालं बघ की. गोडाऊनं. लोखंड वतून त्याला जे मिळनार न्हाई, ते नुस्ती जागा भाड्यानं देऊन मिळतंय. भट्टी आपन गोठीवली की त्यो कोरटात जाईल, म्हनंल, कामगारांनीच कारखाना मारला. आपली देनी बी बुडाली आन् नोकरी बी."

म्हटलं, "मग हे मांडवात सांगा! आत्ताच्या आत्ता सांगा!"

"सांगितलं तर काय हुईल? घर इकायला काढलंय म्हनून कळलं की भांडनारं भाव भांडान सोडत्यात आन् आपापला हिस्सा मागत्यात. निम्मी मान्सं उद्या हिशेब घेऊन गावी जातील. मग कुनाच्या जिवावर लढायचं? मला शिव्या द्याया का हुईना, आज समदी एका जागी बसल्यात." ते उठले आणि टोपी झटकली. "तू बी बोलू नगंस. तुला माझी आन हाय."

ती शपथ मी पाळली. आबांवर मी सगळ्यात जास्त चिडले असेन तर ती या शपथेपायी. ते ऐकून घ्यायला मोकळे आणि मी ऐकायला बांधलेली. रोज त्यांचा अपमान बघायचा, सगळं माहीत असताना तोंड शिवून बसायचं, हे त्यांना सोपं वाटत होतं की काय कुणास ठाऊक.

त्यानंतर आठवड्याभरात दिलीप माझ्याकडे आला. हातात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या. "ताई, कमिटीत तुम्ही एकट्या लेडीज. उद्या मांडवात आबांना बांगड्यांचा आहेर करायचाय. तुमच्या हातून झाला तर चांगला मेसेज जाईल."

मी माझे दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. मनगटापर्यंत वाळूने खरवडलेले, आणि दोन्ही हातांत बांगड्या. म्हटलं, "हे हात कामाला लाज आणतात का रे? तुझ्या आईच्या हातात काय होतं? तुला न्हाऊ घातलं तेव्हा काढून ठेवल्या होत्या काय तिने?" तो हसला. "तुम्ही पर्सनल घेता राव," म्हणाला. नेभळटपणा दाखवायचा तर बाईच्या हातातली वस्तू उचलायची, हे या शूरांना कुणी शिकवलं देव जाणे.

आहेर झालाच. दिलीपनेच केला. ताटात बांगड्या, हळदकुंकू, खण, सगळं साग्रसंगीत. मांडव हसून हसून लोळला. आबांनी ताटाला उलटा हात लावला. मग एक बांगडी उचलून उजेडात धरली, आणि म्हणाले, "काच चांगली हाय. कुठनं आनल्या?" आणि आहेर काखोटीला मारून, रोजच्या वेळेला, रोजच्यासारखे गेटातून आत गेले. सनईचे आवाज गेट बंद होईपर्यंत चालले होते. मी मांडवामागे जाऊन रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, मला कुणाच्या तरी थोबाडीत मारायची होती.

घरी गेल्यावर त्यांनी बांगड्या आक्कांच्या पुढे ठेवल्या. "नव्या हायेत. वाया कशाला घालवायच्या? घाल हातात."

आक्का म्हणाल्या, "मी म्हायेरची बांगडी भरीन, नवऱ्याची भरीन. वैऱ्याची भरनार न्हाई." त्यांनी त्या एका डब्यात घातल्या आणि डबा फळीवर सगळ्यात मागे ढकलला.

शेवटी संप मिटला तो भट्टीमुळेच. एका मोठ्या गाडीकंपनीचा माल अडला होता. त्यांच्या लोकांनी मालकाला विचारलं, किती दिवसांत देता? भट्टी गोठली असती तर मालक हात वर करून मोकळा झाला असता. पण भट्टी जिवंत होती, रस तयार होता, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. करार झाला. जे मागितलं ते सगळं नाही मिळालं, पण पगार वाढला आणि कंत्राटावरची बरीच पोरं कायम झाली. त्याच आठवड्यात ओतकाम सुरू झालं. आजूबाजूच्या दोन कारखान्यांच्या जागी आज गोडाऊनं आहेत. आमच्या शेडवर मात्र अजून गरम हवा थरथरते.

गुलाल उधळला. खांद्यावर कोण? दिलीप. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर युनियनची निवडणूक झाली आणि आबा पडले. नुसते पडले नाहीत, त्यांच्या स्वतःच्या खात्यातूनही मतं फुटली. गरज सरो, वैद्य मरो.

दुसऱ्या दिवशी ते फर्स्ट शिफ्टला भट्टीच्या माचावर हजर. मी कोअर शॉप सोडून तिथे गेले आणि त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. म्हटलं, "आता तरी सांगा. आता कुठे लढाई आहे? आता कोण पळून जाणार आहे?"

"लढाईत राखनदार लागतो, वरातीत वाजंत्री," ते म्हणाले. "आता वरात हाय. वाजू दे."

"पण ते खोटं आहे आबा! त्यांना वाटतंय त्यांनी ओरडून जिंकलं!"

"जितल्यावानी वाटतंय न्हवं त्यांना? मग वाटू दे की." आणि मला म्हणतात, "च्या घेतला का?"

मी चहा घेतला नाही. महिनाभर त्यांच्याशी बोललेही नाही. चांगुलपणाचीही एक हद्द असते, आणि ती ओलांडली की त्याचा त्रास जवळच्या माणसांना होतो. हे मी त्यांना पुढे अनेकदा ऐकवलं. ते हसायचे.

पुढची वर्षं ते साध्या कामगारासारखे राहिले. रिटायर झाले तेव्हा युनियनने शाल दिली, तीही दिलीप घाईत असल्यामुळे सेक्रेटरीने दिली. दिलीप आता दिलीपशेठ झालाय. पांढरे कपडे, पांढरी गाडी, मुलगा वाकडला फ्लॅटमध्ये. ग्राइंडरला हात लावून त्याला किती वर्षं झाली ते ग्राइंडरलाच माहीत. आबा कधी चाकणच्या बाजारात भेटायचे. माझ्या पिशवीतल्या भाजीला उलटा हात लावून म्हणायचे, "ताजी दिसती. भट्टी कशी हाय?" आधी भट्टी, मग माझ्या पोरांची चौकशी.

या हिवाळ्यात ते गेले. छातीत धूळ भरलेली होतीच. मी पोचले तेव्हा बायका आक्कांच्या भोवती जमल्या होत्या आणि हातातल्या बांगड्या फोडल्या होत्या. अजून आमच्याकडे हे चालतं, पुढारलेल्या गावात, जिथे रोबोट वेल्डिंग करतात. मी ओरडले, पण उशीर झाला होता. आक्कांच्या मनगटावर ओरखडे होते. तेराव्यानंतर भेटायला गेले तेव्हा त्या उठल्या, फळीवर मागे हात घातला आणि तो डबा माझ्यापुढे ठेवला.

"हातातल्या गेल्या," म्हणाल्या. "ह्या ऱ्हायल्या. ज्याच्या हायेत त्याला दे."

"आक्का, मला आबांनी शपथ घातलीय."

"घालनारा गेला. आता कसली आन?" त्यांचे डोळे कोरडे होते. "त्येनला दुनियेनं काय बी म्हनू दे, म्या कदी इचारलं न्हाई. पन त्या मान्साच्या नावानं कुनी पाप करत आसंल तर मी गप बसनार न्हाई."

पाप म्हणजे काय, ते मला शोकसभेत कळलं. आमचा करार पुन्हा संपलाय, सोमवारपासून पुन्हा संप. शोकसभा गेटसमोरच, त्याच जागी मांडव घालून. समोर बसलेली बहुतेक पोरं नवी, त्यांनी आबांना कधी बघितलंही नव्हतं. दिलीपशेठ उठला, आबांच्या फोटोला हार घातला आणि म्हणाला, "आबा वाघ होते, वाघ! मागच्या संपात त्यांनी मालकाला ठणकावलं होतं, मागण्या मान्य कर, नाहीतर भट्टी गोठवतो! मालक थरथर कापत आला! भावांनो, सोमवारी आपण आबांच्या वाटेने जायचं. या वेळी भट्टीवर एकही माणूस जाणार नाही. हीच आबांना श्रद्धांजली!"

शिट्ट्या पडल्या. शोकसभेत शिट्ट्या.

मला वाटत होतं की माझ्या रागाचा तळ मी बघितलेला आहे. नव्हता बघितला. शिव्या दिल्या होत्या, ठीक. बांगड्या दिल्या होत्या, तेही ठीक. पण ज्या गोष्टीसाठी त्या माणसाने हे सगळं गिळलं, तीच गोष्ट आता त्याच्या फोटोला हार घालून मारायची? आणि का? तर खोटं बोलता बोलता या माणसाला स्वतःचंच खोटं खरं वाटायला लागलंय. नाहीतर खरं काय ते त्याला चांगलं माहीत आहे, आणि मागच्या भिंतीला पुन्हा लागलेल्या तिपाईत त्याचाही वाटा आहे. यातलं कुठलं ते मला माहीत नाही. दोन्ही सारखंच वाईट.

माझं नाव वक्त्यांत होतं. दोन शब्द बोलायला. मी डबा टेबलावर उघडला आणि बांगड्या दिलीपशेठच्या पुढे ठेवल्या. म्हटलं, "आक्कांनी पाठवल्यात. तुम्ही आबांना दिल्या होत्या, आठवतंय? आबा भट्टी जिवंत ठेवायला आत जायचे म्हणून दिल्या होत्या." आणि मग सगळं सांगितलं. म्हशीचं, भिंतीपलीकडच्या मोजणीचं, शपथेचं. चांगलं भाषण नव्हतं ते. आवाज चिरकला, मधेच शिवीही गेली. शेवटी म्हटलं, "आबांच्या वाटेने जायचंय ना? मग ती वाट गेटाच्या आत जाते. भट्टी गोठली तर तुमची पोरं याच जागेवर गोडाऊनचे खोके उचलतील."

दिलीपशेठ बांगड्यांकडे न बघता म्हणाला, "ताई भावनेच्या भरात आहेत." आणि मागून एक आवाज आला, "ताई, पाकीट पोचलं वाटतं!"

हशा पिकला. तोच हशा, जराही जुना न झालेला.

आबा असते तर त्यांनी विचारलं असतं, चहा घेतला का. मी आबा नाही. मी म्हटलं, "जो बोलला त्याने पुढे यावं." कुणी आलं नाही. सभा संपली, लोक पांगले, बांगड्या टेबलावर तशाच राहिल्या. मी चप्पल शोधत होते तेव्हा भट्टीवरचे तिघे जण जवळ आले. त्यातला एक चाकणचाच, आबांच्या हाताखाली शिकलेला. खाली बघत म्हणाला, "ताई, सोमवारी सेकंड शिफ्टला आमी आत जातो. पन एकटं गेलो तर मांडवात मारत्याल आमाला. तुमी येता का संगट?"

सोमवारी दुपारी मी त्या तिघांबरोबर मांडवातून उठले. माझं भट्टीवर काय काम? काही नाही. मी वाळूची बाई. पण कमिटीची मेंबर आहे, आणि माझ्यासमोर त्यांच्या अंगाला हात लावायची कुणाची हिंमत होते ते मला बघायचं होतं. आम्ही गेटाकडे निघालो तशी मागे सनई सुरू झाली. ही पोरं तेव्हा शाळेत होती, पण सनई अगदी तीच होती. कुणीतरी ओरडलं, "निघाली बघा कंपनीची सून!" पाठीमागे रस्त्यावर काच फुटल्याचा आवाज झाला. एक, मग आणखी एक. टेबलावरच्या बांगड्या कुठे गेल्या ते मला तेव्हा कळलं.

मी वळून पाहिलं नाही. सिक्युरिटीवाल्याने आम्हाला बूट काढायला लावले, बाकड्यावर बसवलं. मॅनेजर नवा आहे. तो काचेतून बघत होता, मीही त्याच्याकडे बघत राहिले, शेवटी त्याने मान फिरवली. बऱ्याच वेळाने आत सोडलं.

पोरं माचावर चढली, त्यांच्या मागे मी चढले. मागच्या भिंतीपलीकडे मोजणीचा नवा रवलेला खांब दिसत होता. मी हात पुढे केला, मग थांबले, आणि उलटा करून माचाच्या कठड्याला लावला. गरम होता.